घोट्यावरचा नादकाटा

"वाजते का?"

"वाजते," चंद्रभागा म्हणाली.

"कुठं?"

"तुमी लावला तिथंच की. घोट्यावर."

दौलत सर ओसरीवरून उठले ते जवळजवळ उडीच मारून. हातातला दोन भुजांचा जाड नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, अजून गुणगुणत होता. निवृत्तीच्या दिवशी शाळेने शाल देऊ केली, तेव्हा त्यांनी शाल नाकारून प्रयोगशाळेतला हा काटा मागून घेतला होता. जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला दुसरे काय हवे असणार?

त्यांच्या बायकोचे, चंद्रभागेचे, पाय गेल्या वर्षापासून बधिर होत चालले होते. आधी मुंग्या, मग पाऊल जमिनीवर टेकले की नाही तेही कळेना. आदिलाबादमधल्या निम्म्या ओळखीच्या लोकांनी 'वय झालं' असे निदान केले. सरांना ते निदान म्हणजे निदान टाळण्याची रीत वाटली. त्यांनी रक्त तपासून घेतले. बी-बारा जीवनसत्त्व तळाला गेले होते. तिच्यासारखी शुगरची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत असे होऊ शकते, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी इंजेक्शने सुरू केली आणि नसा कितपत सावरतील याची हमी मात्र दिली नाही.

हमी नव्हती, म्हणून सरांनी मोजमाप सुरू केले. आणि नियमही घालून दिला. घोट्यावर कंपन कळले, तर यंदा जयंतीच्या मिरवणुकीत चंद्रभागेने पायी चालायचे. नाहीतर मागच्या वर्षीसारखे ऑटोत, लाउडस्पीकरच्या बॅटरीशेजारी.

"जय भीम, सर! कायची धावपळ लावली सकाळीच?" फाटकातून अमृतराव आत आले. तहसिलीतून निवृत्त झाल्यापासून ते मेंदू आणि नसांसाठीच्या कॅप्सूल विकत. डबा आताही काखेत होताच.

"घोटा जागा झाला, अमृतराव! बी-बारानं!"

"आन आमच्या डब्ब्यात का माती हाय? अठरा जडीबुटी हायेत."

"तेच तर. अठरा जण असले की जिम्मेदारी कोणाचीच नाही. सबूत दाखवा, मी सोता घेतो."

"माया डब्ब्याले सबूत मागता, मंग तुमच्या सुईचा बी पंचनामा होऊन जाऊ द्या. का हो वैनी?"

चंद्रभागेने पदर सारखा केला. "काऊन उगाच? वाजते म्हणलं ना."

पण सरांच्या अंगात आता वर्गातले सर संचारले होते. निःपक्षपाती परीक्षा कशी घेतात हे अमृतरावांना दाखवायचेच, असे त्यांनी ठरवले. चंद्रभागेला डोळे मिटायला लावून त्यांनी काटा रबरी चपलेवर आपटला. ओसरीभर नाद घुमला. मग दुसऱ्या हाताने काट्याच्या भुजा गच्च धरून त्यांनी त्याला मुका केला आणि तो निर्जीव लोखंडी तुकडा घोट्यावर टेकवला. या खेपेला ती 'नाही' म्हणेल आणि परीक्षा पूर्ण होईल, याची त्यांना खात्री होती.

"वाजते," चंद्रभागा म्हणाली.

अमृतराव हसले नाहीत. त्यांनी डबा उगाचच या काखेतून त्या काखेत घेतला.

चंद्रभागेने डोळे उघडले. काट्याच्या भुजा सरांच्या मुठीत आवळलेल्या तिने पाहिल्या.

"कानानं सांगत होती मी. आपटल्याचा आवाज आला की 'वाजते' म्हनायची," ती म्हणाली. "तुमी इतके खूस व्हायचे. आन मले पायी चालाचं होतं, अवो. ऑटोत बसवलं की मानूस बोजा होते."

प्रयोगाची मांडणी सरांची होती. चूकही त्यांचीच होती. मग ते आत जाऊन गादीच्या उसवलेल्या शिवणीतून कापूस घेऊन आले. बोळे त्यांनी तिच्या दोन्ही कानांत घट्ट बसवले.

पायाचा अंगठा. तिने नकारार्थी मान हलवली. घोटा. पुन्हा नाही. काटा पुन्हा आपटून सर नडगीवरून बोटाबोटाने वर सरकू लागले. नडगीच्या मध्यावर चंद्रभागेने अचानक त्यांचे मनगट धरले.

"थांबा! हे... हे येगळं हाय. आतून गुनगुनते!"

सरांनी काटा मुका करून पाहिला. "नाही." वाजवून पाहिला. "हाय!" पुन्हा मुका. "नाही म्हनते ना!"

"अमृतराव!" सर ओरडलेच. "इंजेक्शनाआधी डॉक्टरीणबाईले गुडघ्याखाली कुठंच कंपन भेटलं नव्हतं. आता नडगीपर्यंत आलं. उतरून राह्यलं, खाली उतरून राह्यलं!"

अमृतरावांनी स्वतःच्या नडगीवर काटा लावून घेतला आणि आतली गुणगुण जाणवून ते दचकले. तिघेही एकदम बोलू लागले. त्यातल्या एकीच्या कानांत कापूस होता.

"मंग मिरवणूक?" अमृतरावांनी विचारले.

"नियम घोट्याचा होता," सर चाचरले.

चंद्रभागेने बोळे काढले. "नियम कोनं केला?"

"मी."

"मंग बदला. पायाले कळत नाही तं डोयाले कळते ना? पाहून चालीन."

सरांनी काटा खाली ठेवला आणि नियम बदलला.

जयंतीच्या संध्याकाळी रस्ता निळ्या झेंड्यांनी भरून गेला. ढोलाच्या दणक्याने दुकानांची शटरे थरथरत होती. पांढऱ्या लुगड्यातली चंद्रभागा मधोमध चालली होती. सगळ्यांच्या माना वर होत्या, रथाकडे, गुलालाकडे, रोषणाईकडे. तिची तेवढी खाली होती. नजर उचलली तर पाऊल हरवले असते.

दौलत सर तिला न धरता शेजारून चालत होते. वर काय काय दिसत होते, ते सगळे तिच्या कानाशी तोंड नेऊन, ढोलापेक्षा मोठ्या आवाजात सांगत.