तिसऱ्या मोटरीचा पाव फेरा

जवळ सरा, मुलांनो, आणि तुम्हीही या, बायांनो; मागे राहिलात तर ऐकू यायचं नाही. एका माणसाच्या हाताची गोष्ट सांगते. गाऊनच सांगितली असती, पण हिला चाल बसत नाही.

“एक थेंबसुद्धा नको, एफो,” विद्यापीठाच्या आबेना मॅडम म्हणाल्या.

“न गळणारा शाफ्ट जळतो, मॅडम. तीस वर्षं बोटींच्या पंख्यांचे शाफ्ट बांधतोय मी.”

“ही बोट नाही. हिच्या पोटात वीज आहे.”

“बरं बाई. तुमची लेक, तुमची रीत.”

धक्क्यावर शेळीच्या पिल्लाएवढा रोबो उलटा पडला होता. पाण्याखाली हिंडून चित्र दाखवायचा, पण दोन दिवसांत दोनदा त्याच्या मोटरींत पाणी शिरलं. मग कुणीतरी सेनानूला बोलावलं. बोटींचा मिस्त्री तो. सगळा गाव त्याला एफो, म्हणजे थोरला भाऊ म्हणायचा.

नऊ दिवसांपूर्वी एडेमची होडी बुडीत झाडांवर आपटून फुटली होती. आमच्या व्होल्टा तळ्याच्या पोटात धरणाने बुडवलेलं अख्खं जंगल उभं आहे. त्यात पाणबुडे उतरत नाहीत, म्हणून एडेमला शोधायला हा रोबो आणला होता. आणि आमच्या धक्क्याची रीत अशी, की पाण्यात गेलेला वाळूला लागेपर्यंत घरात रडायचं नाही. रडलं तर तो वाट चुकतो. एडेमची बायको एसिनाम नऊ दिवस कोरड्या डोळ्यांनी मासे धुरावत होती.

सेनानूने मेणात भिजवलेली दोरी शाफ्टभोवती गुंडाळली, ग्रीस भरलं, वरून पितळी नट आवळला. दुसराही आवळला. तिसऱ्याला हात सवयीने पाव फेरा मागे आला. बोटीला तसाच सोडतात. थेंब थेंब पाणी येतं, शाफ्ट थंड राहतो. बादलीत बुडवून पाहिलं तेव्हा काहीच दिसलं नाही. पण बादलीत कुठली आली खोली?

दुपारी होडीतून रोबो खाली सोडला. पडद्यावर खोडं दिसली, मग जाळं, मग एक निळी बाही.

“तोच आहे,” एसिनाम म्हणाली. “खांद्याची शिवण माझी आहे.”

इतक्यात चित्र कलंडलं. तिसरा पंखा थांबला, रोबो फांद्यांत फिरला, केबल गुंतली. पुष्कळ ओढून शेवटी ती कापावी लागली. खुणेचा तरंगता डबा पाण्यात सोडेपर्यंत वाऱ्याने होडी कुठल्या कुठे नेली होती.

“बॅटरीनं दगा दिला असेल,” मॅडम म्हणाल्या. “तुमचं काम चोख होतं, एफो.”

एवढ्यावर गप्प बसता आलं असतं. तो सरळ एसिनामच्या भट्टीपाशी गेला.

“बॅटरी नव्हती गं. पाव फेरा ढिला राहिला. माझ्या हातून.”

ती मासे उलटत राहिली. “कशाला सांगितलंत? त्या बाईला शिव्या घालत होते, बरं चाललं होतं माझं.”

“मला घाल.”

“तुम्हाला कशा घालू? माझ्या लग्नात एडेमच्या बाजूनं तुम्ही बसला होतात.” मग म्हणाली, “दुसऱ्या कुणाला सांगू नका. कुणी दुरुस्तीला इंजिन देणार नाही.”

रविवारी त्याने चर्चमध्ये उभं राहून सगळ्यांपुढे सांगितलं. प्रवचनकार मोठ्या माशाने गिळलेल्या योनाची कथा गात होते. माशाने योनाला किनाऱ्यावर ओकून टाकल्याची ओळ आली, आणि त्या दिवशी झील कुणी धरली नाही. देव क्षमा करतो, हे मी मनापासून मानते. गाव इंजिनं पलीकडच्या धक्क्यावर नेऊ लागला.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं आणि कुणाच्या तरी जाळ्यात रोबो वर आला. फोन गेला. त्याच दिवशी विद्यापीठाची गाडी आली, सोबत कोरं ब्लँकेट. दोघांनी त्याला जपून उचललं, त्यात गुंडाळलं.

“जाळ्यात आणखी काही होतं?” एसिनामने विचारलं.

“शेवाळ होतं, वहिनी,” कोळी म्हणाला.

गाडी वळवायला जागा कमी पडत होती. तिने माशांच्या टोपल्या उचलून बाजूला घेतल्या.

तर प्रार्थनेत पाण्यात राहिलेल्यांची नावं घ्याल तेव्हा एडेमचं घ्या. आणि त्याच्यामागून, हळू आवाजात का होईना, सेनानूचं.