दुसरी वाटी

मांडवात एक पाट, एक समई, आंब्याची पाच पानं, एकतीस बायका आणि हळदीच्या दोन वाट्या होत्या. अपेक्षाने पुन्हा मोजलं. तरीही वाट्या दोनच. सकाळी तिने स्वतः तेलपाण्यात हळद कालवली होती, लाडू तोलायच्या काट्यावर बरोबर अडीचशे ग्रॅम तोलली होती आणि एकच वाटी भरली होती.

बी.एस्सी. झाल्यापासून ती महाडला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायची. चुलतबहीण सेजलच्या लग्नासाठी रजा टाकून ती पोलादपूरच्या या डोंगरवाडीत आली होती. नवऱ्याकडची उष्टी हळद दुपारी सव गावाहून येणार होती, त्याआधी ही घरची. आणि सेजलने अट घातली होती : पहिली हळद आईच्या हातची, नाहीतर मी पाटावर बसणार नाही.

सेजलची आई आवडी. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. विधवेने लेकीला पहिली हळद लावायची म्हटल्यावर वाडीत कुजबुज सुरू झाली. पण नाही म्हणायची सोय उरली नव्हती. दोन वर्षांपूर्वी किशोरकाकांनी विधवांच्या मानाचा ठराव ग्रामसभेत एकमताने पास करून घेतला होता आणि वाडीच्या तोंडाशी फलक ठोकला होता. फलकावर ठरावाच्या दोन ओळी आणि काकांचा फोटो. ओळींपेक्षा फोटो मोठा. काका वाडीच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. परवा वीर स्टेशनला उतरून रिक्षाने आले, तेव्हापासून 'पुरोगामी' हा शब्द चहात साखर घालावी तसा प्रत्येक वाक्यात घालत होते, तोही दोन दोन चमचे.

"पहिली हळद आवडीवहिनीच लावणार!" काकांनी मोबाइल सरसावला. "ठरावच हाय आपला. व्हिडिओ ग्रुपवर टाकतो. बघू देत सगळ्यांना, समाज कसा चेंज होतो."

सवाष्णींची म्होरकी तुळजाबाई लगबगीने पुढे झाली. एक वाटी तिने आवडीच्या हातात दिली आणि दुसरी हळूच आपल्या पदराआड घेतली.

"दोन वाट्या कशाला गं, मावशी?" अपेक्षाने विचारलं.

"एवढ्या बायका हायत. सोय नको?"

अपेक्षा आवडीच्या हातातल्या वाटीवर वाकली. वास कच्च्या पिठाचा होता. खांबाला टेकून आवडीची सासू रंगूबाई पान जुळवत बसली होती, तिच्याकडे अपेक्षा वळली.

"आजी, जरा चुना दे. आणि एक पान."

"हळदीला आलीस का पान खायला, गो?"

"मी नाही खात. या वाट्यांना खाऊ घालते."

तिने पानावर चुन्याची दोन बोटं ओढली. पहिल्यावर तुळजाबाईच्या पदराआडच्या वाटीतला थेंब टाकला. तो बघता बघता लालभडक झाला. दुसऱ्यावर आवडीच्या वाटीतला टाकला. तो पिवळाच राहिला.

"हळद चुन्यात लाल होते. हे बेसन आहे. वर मिठाईचा रंग."

एकतीस बायकांना एकाच वेळी आपापल्या बांगड्या नीट करायच्या होत्या.

"आता बेसन काय आणि हळद काय," काका म्हणाले. "कॅमेऱ्यात सेमच दिसतंय. शेवटी फीलिंग महत्त्वाचं!"

"पोरीच्या संसाराचा सवाल हाय," तुळजाबाई फणकारली. "आमी तिला तोंडावर नाय म्हटलं का? उलट मन राखलं तिचं."

अपेक्षाला किळस आली. पाच वर्षांपूर्वी याच बायकांनी विधवेला सरळ कोपऱ्यात बसवलं असतं आणि कुणाची मान खाली गेली नसती. आज आपण चुकतोय हे त्यांना कळत होतं. कळत नसतं तर बेसन कालवण्याचा खटाटोप केलाच नसता. पण कळून सगळी वाडी मिळून शिकली काय, तर लपवायला. आणि काका त्याचाच व्हिडिओ काढत होते.

"ऱ्हाऊ दे गो," आवडी पुटपुटली. "बेसन तर बेसन. माझा हात लागला पोरीला, म्हंजे झालं."

सेजल पाटावरून उठली. "आई, बेसनाची भजी कर. मला हळद लाव. नायतर सांग त्यांना, सवहून कोणी येऊ नका."

आवडीने बेसनाची वाटी खाली ठेवली. तेवढ्यात रंगूबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. चार वर्षांपूर्वी आवडीचं कुंकू पुसणारा हात हिचाच, आणि हिचं स्वतःचं कुंकू जाऊन वीस वर्षं झालेली. तिने तुळजाबाईचा पदर बाजूला केला, वाटी काढून घेतली आणि सुनेपुढे धरली.

"बस गो, सेजल. लाव, आवडे."

आवडीने लावली. पाय, गुडघे, खांदे, गाल. मग त्याच वाटीत रंगूबाईने आपला अंगठा बुडवला आणि नातीच्या कपाळावर टेकवला.

"क्या बात है!" काका मोबाइलमागून ओरडले. "चला, आता सवाष्णी या!"

तुळजाबाई उठली. विधवांची बोटं लागलेल्या वाटीकडे तिने बघितलं. मग आवडीने खाली ठेवलेली दुसरी वाटी उचलली.

"ते बेसन आहे, मावशी," अपेक्षा म्हणाली.

"पिवळंच हाय ना?" तुळजाबाई म्हणाली, आणि सेजलच्या गालाला बोटं लावली. तिच्यामागे रांग लागली. सेजल आईकडे बघत बसून राहिली. काकांनी व्हिडिओ थांबवला नाही.

बायका जेवायला गेल्यावर अपेक्षाने दोन्ही वाट्या काट्यावर ठेवल्या आणि रिकाम्या वाटीचं वजन वजा केलं. पहिलीत दोनशे एकतीस ग्रॅम हळद उरली होती. दुसरीत बेसन काहीच उरलं नव्हतं.