हेडफोनच्या भोकातला आजा

कोंढ्याच्या ढिवर मोहल्ल्यात त्या रविवारी जाळी तळ्यावर गेलीच नाहीत. सगळा मोहल्ला लिलाधरच्या ओसरीत लोटला होता. पाटावर लाल कापड, कापडावर उघडा लॅपटॉप, लॅपटॉपच्या कपाळावर हळदकुंकू. शेजारी नारळ, लिंबं, आणि पाण्याच्या घमेल्यात एक हातभर मरळ, मधूनच शेपूट आपटणारी. मासा कशाला? तर आत्म्याच्या शांतीसाठी. आत्म्याला मरळ आवडते की नाही, हे कोणी विचारलं नाही. तरंगनाथ महाराजांना आवडत असावी, हे त्यांच्या पोटाकडे पाहून कळत होतं.

"देखो भाई, आत्मा म्हणजे काय? आत्मा म्हणजे तरंग! मोबाईलमध्ये तरंग, टीव्हीमध्ये तरंग, आणि या मशीनमध्ये..." महाराजांनी बोट लॅपटॉपच्या कुशीतल्या गोल भोकावर टेकवलं. त्या भोकात हेडफोनची पिन खोचलेली होती. "या छिद्रामध्ये मंगरूजीचा तरंग अटकला आहे. वायर काढू नका! वायर काढली तर आत्मा सुटेल आणि समोर बसला असेल त्याच्या अंगात शिरेल!"

समोर बसलेले चारचौघे मागं सरकले.

महाराजांनी डोळे मिटून कळ दाबली आणि लॅपटॉपातून ढोलकी वाजली. मागोमाग लिलाधरच्या वारलेल्या बापाचा, मंगरूआजाचा, खणखणीत आवाज आला. दंडारीतलं, म्हणजे गावच्या लोकनाट्यातलं, गाणं संपलं, ढोलकी थांबली आणि आवाज म्हणाला, "बाया, च्या मांड वं. गळा सुकला."

"माय वं!" ओसरीभर बायांनी पदर तोंडाला लावले. मंगरूची बायको बायाबाई पाटासमोरच बसली होती. तिचा चेहरा नव्या नवरीसारखा फुलला होता, आणि तेच पाहून रंजूनं नजर फिरवली.

रंजू ही लिलाधरची मुलगी, मंगरूआजाची लाडकी नात. लॅपटॉप तिचा. पवनीच्या कॉलेजातून पदवी घेतल्यावर शिकवण्या घेऊन तिनं तो आणला होता. सोमवारी सकाळी तिची ऑनलाइन मुलाखत होती. काम असं, की घरी बसून, कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. हेडफोन सक्तीचा होता. आणि महाराजांनी जाहीर केलं होतं, "पूजा झाली की हे मशीन मी मठात नेतो. तिथून नर्मदामैयामध्ये सोडतो. तवाच मंगरूजी मोकळे!"

नर्मदेत पडण्याआधी लॅपटॉप कोणत्या दुकानात उतरणार, हे रंजूला चांगलं कळत होतं. पण सांगणार कोणाला? लॅपटॉपात आजाची सगळी गाणी होती. ज्या फोनवर ती रेकॉर्ड केली होती, तो तळ्यात पडून गेला, तेव्हापासून त्यांची दुसरी प्रत कुठंच नव्हती. नोकरी दुसरी शोधता येईल. आजा दुसरा कुठून आणणार?

हे सगळं सुरू झालं गुरुवारी, आणि तेही एवढ्याशा गोष्टीवरून. दुपारी मुलाखतीचा सराव करून रंजू दमली. तिनं आजाची गाणी लावली आणि हेडफोन कानांवर घालून खाटेवर पडली. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक चौकट आली: आवाजाच्या ड्रायव्हरचं अपडेट आहे, करायचं का? रंजूनं अर्धवट मिटल्या डोळ्यांनीच 'हो' दाबलं. तेवढ्यात मैत्रीण अपेक्षानं हाक मारली. रंजूनं हेडफोन लॅपटॉपशेजारी खाटेवर टाकला आणि ती गेली. गाणी चालूच राहिली, पण हेडफोनच्या आतल्या आत.

थोड्या वेळानं बायाबाई कांदा कापत बसली होती. घरात चिटपाखरू नाही. आणि एकदम खाटेवरून तिच्या वारलेल्या नवऱ्यानं तिला चहा मांडायला सांगितलं.

रंजू परतली तोवर मोहल्ला गोळा झाला होता. "अगा, थे रेकॉर्डिंग आहे! मीच केलं होतं," ती ओरडून सांगू लागली. तर लिलाधरच तिच्यावर डाफरला, "आमाले येडं समजते का वं? वायर तं लागूनच आहे. तूच सांगतलं होतं का नाई, का वायर खुपसली का आवाज कानातच जाते, भाहेर येतच नाई?"

सांगितलं होतं खरं. रात्रीच्या अभ्यासाचा म्हातारीला त्रास होणार नाही, हे पटवून देताना रंजूनंच ते दहादा सांगितलं होतं. आता तिचंच वाक्य तिच्या गळ्यात आलं. तिनंही पाहिलं: पिन नीट खोचलेली, आणि आवाज बाहेर. ती वाकून भोकच निरखत राहिली. आणि अशा वेळी शिकलेल्या माणसानं "थांबा, पाहतो" एवढं म्हणायला जरी उशीर केला, तरी दुसरा कोणी तरी उत्तर घेऊन तयारच असतो.

तो तयार असलेला म्हणजे तेजराम. गावात कोणाची म्हैस हरवली, पोरगी रुसली, की हा कुठून तरी एक महाराज घेऊन येई. आणि यावेळी त्याच्या हाती जुनी गोष्टही होती. मंगरू दंडारीतला नावाजलेला गडी, पण गेल्या दिवाळीत मंडईच्या जत्रेच्या तोंडावरच वारला. गावच्या मंडईत दंडार झाली ती त्याच्याविना. "दंडार राहून गेली बिचाऱ्याची, म्हून अटकला थो," तेजराम म्हणाला, आणि मोहल्ल्यानं मान डोलावली. शुक्रवारी महाराज हजर. त्या दिवसापासून लॅपटॉप देवघरात, आणि रंजूला हात लावायची बंदी.

बंदी लॅपटॉपला होती, डोक्याला नव्हती. रंजूनं शेजाऱ्याच्या मोबाईलवर शोधलं. तिच्यासारखे पुष्कळ लोक तेच गाऱ्हाणं करत होते: अपडेट झालं आणि हेडफोनचं भोक मेलं, लावा न लावा, आवाज बाहेरच. आजे मात्र कोणाचेच अडकले नव्हते. रंजूला कारण तर सापडलं. पण नुसतं कारण सांगून ऐकेल तर तो मोहल्ला कसला!

म्हणून रविवारी, महाराज लाल कापडाच्या गाठी मारायच्या बेतात असताना, ती हात जोडून पुढं आली.

"महाराज, एक इचारू का? आजा आमच्यासंग बोलते, पन आमचं ऐकते का?"

"ऐकतो बेटी! सब ऐकतो!"

"मंग तुमीच त्याले दोन शब्द सांगा न. तुमचा निरोप मी या मोबाईलात भरतो न वायरीनं आत सोडतो. जाता जाता त्याले धीर येईन."

लिलाधर रागानं उठला. "रंजू, मंधी पडू नको!"

पण समोर मोबाईल धरला की कोणत्या महाराजाला मोह होत नाही? त्यांनी लिलाधरला हातानंच बसवलं, जटा सारख्या केल्या, खाकरले आणि मोबाईलात बोलले, "हे मंगरू! मी तरंगनाथ बोलतो आहे! घाबरू नको! तुला या अंधाऱ्या छिद्रातून मी सोडवणार!"

"वाह वाह!" तेजराम म्हणाला.

रंजूनं मोबाईल केबलनं लॅपटॉपला जोडला. हेडफोनची पिन जशीच्या तशी भोकात ठेवली. "पाहा बरं, वायर लागली आहे न?" तिनं सगळ्यांना विचारलं. लागली होती. मग तिनं कळ दाबली.

"हे मंगरू!" लॅपटॉप गरजला. "मी तरंगनाथ बोलतो आहे! घाबरू नको!"

लोक एकदा लॅपटॉपकडे, एकदा महाराजांकडे पाहू लागले. महाराज तर समोर बसलेले, ओठ मिटलेले. तरी त्यांचा आवाज भोकातून येत होता. घमेल्यात मरळीनं फाडकन शेपूट आपटलं.

पहिल्यांदा बोलली ती बायाबाई. ती पुढं वाकली, महाराजांना पायापासून जटेपर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे विचारलं, "काहून गा महाराज, तुमी कवा वारले?"

कोणी तरी फिस्सकन हसलं आणि मग अख्खी ओसरी फुटली. पोट धरून हसली माणसं. महाराज उठून सांगू लागले की ही विद्युतमाया आहे, कलियुग आहे, पोरीनं करणी केली आहे. पण एकदा हसू लागलेल्या गर्दीला भीती घालणं मोठं कठीण काम. तेजराम शहाणा, तो चप्पल हातात घेऊन कधीच मागच्या दारानं निसटला होता. महाराजांनी झोळी उचलली आणि सवयीनं घमेल्याकडे हात नेला. तोच लिलाधर आडवा आला. कान लाल झालेले, आवाज मात्र खणखणीत.

"मरळ राहू द्या, महाराज. आत्मा नाई तं मरळ कायले?"

महाराज रिकाम्या हातानं गेले. हसणं ओसरलं. पण रंजूचं लक्ष आजीकडे होतं. सगळे हसत होते, ती मात्र हसली नव्हती. तिच्या चेहऱ्यावरची ती नवरीपणाची कळा पार उतरून गेली होती.

"म्हंजे थे नोहोतेच," बायाबाई म्हणाली. "मले वाटलं, आले." आणि तिनं पदरानं डोळे पुसले.

रंजूला भडभडून आलं. खोटं हरलं होतं, पण म्हातारीच्या हातून तीन दिवसांचा नवराही गेला होता. ती आजीला बिलगली. "आजी, आजा नाई आला वं. पन आवाज त्याचाच आहे. खराखुरा. गानं झाल्यावर त्यानं तुले च्या मांगतला, थोही रेकॉर्ड झाला न तुले ठाऊकच नोहोतं. थांब, तुले दाखवतो."

आणि सगळ्यांसमोर तिनं उकल सुरू केली. पहिल्यांदा हेडफोनची पिन काढली. चारचौघे पुन्हा मागं सरकले. कोणाच्या अंगात काही शिरलं नाही. तीच पिन शेजाऱ्याच्या मोबाईलला लावून हेडफोन लिलाधरच्या कानाला लावला. "येते आवाज?" "येते." "मंग हेडफोन चांगला आहे." अपेक्षाचा हेडफोन लॅपटॉपला लावला, तरी आवाज बाहेरच. भोकात टॉर्च मारून पाहिलं, कचरा नव्हता. मग आवाजाच्या सेटिंगमधली यादी उघडून दाखवली. तिथं नुसता स्पीकर. हेडफोनचं नावच नव्हतं.

"आता आयका. तळ्याचं पानी कोन सोडते?"

"पानकर."

"नवा पानकर ठेवला न त्याले फक्त एकच पाट ठाऊक असला, तं?"

"तं पानी एकाच बांधीत," लिलाधर म्हणाला. "दुसऱ्या बांधीतला धान सुकन."

"बस्स! लॅपटॉपात आवाजाचा एक पानकर असते, त्याले ड्रायव्हर म्हनतात. वायर लागली का आवाज कानाकडं सोड, नाई लागली का भाहेर सोड, हे त्याचं काम. गुरुवारी अपडेटमधी नवा आला. त्याले हे भोक दिसतच नाई. म्हून गानं चालू असतानाच आवाज कानातून निंगून भाहेर आला. आता जुन्याले वापस बोलावतो."

तिनं डिव्हाइस मॅनेजर उघडला, आवाजाच्या ड्रायव्हरवर जाऊन 'रोल बॅक' दाबलं आणि लॅपटॉप बंद करून परत सुरू केला. स्क्रीनवर ठिपक्यांचं वर्तुळ गरगरत होतं आणि सगळा मोहल्ला माना लांब करून पाहत होता. महाराजांच्या समाधीलाही एवढी शांतता कोणी ठेवली नव्हती.

लॅपटॉप उघडला. रंजूनं पिन खोचली. यादीत नाव उमटलं: हेडफोन. तिनं आजाचं गाणं लावलं आणि ओसरीत काहीच ऐकू आलं नाही.

"गेला का आवाज?" कोणी तरी घाबरून विचारलं.

रंजूनं हेडफोन काढून लिलाधरच्या कानाला टेकवला. त्यानं ऐकलं, डोळे मोठे केले आणि मान खाली घातली. "चुकलो बाई मी," तो पुटपुटला. "आपल्याच बापाचा आवाज मी नर्मदेत टाकाले निंगालो होतो."

मग रंजूनं तो आजीच्या कानांवर नीट बसवला. बायाबाई आधी बिचकली, मग स्थिर बसली. हळूहळू तिची बोटं मांडीवर ढोलकीचा ठेका धरू लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. गाणं संपत आलं. रंजूला ठाऊक होतं आता काय येणार.

"मांडतो गा, मांडतो!" बायाबाई एवढ्या मोठ्यानं ओरडली, की अंगणातली कोंबडी उडाली. कान झाकलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही, तसं तिचं झालं. सगळे पुन्हा हसले. यावेळी तीही हसली आणि खरंच उठून चुलीकडे गेली. सगळ्या मोहल्ल्याला चहा झाला. संध्याकाळी मरळही झाली, आणि ती आत्म्यानं नाही, घरच्यांनी खाल्ली.

सोमवारी मुलाखत झाली. नोकरी लागली. आजाची गाणी रंजूनं त्याच दिवशी आणखी दोन ठिकाणी उतरवून ठेवली. आता मोहल्ल्यात कोणी सांगत आलं, की अमक्याच्या घरी दिवा आपोआप पेटतो, तमक्याची मूर्ती रडते, तर बायाबाई मासे निवडता निवडता मानही वर करत नाही.

"असन बापा," ती म्हणते. "पन हार नेण्याच्या आंधी वायर काढून दुसरीकडं लावून पाह्यली का कोनं?"

एवढंच करायचं असतं. एक वायर काढायची, दुसरीकडे लावून पाहायची, आणि उत्तर मिळेपर्यंत धीर धरायचा. गेलेल्या माणसावर जीव असणं ही अंधश्रद्धा नव्हे. त्या जिवावर हात मारणारा आला, की त्याला प्रश्न विचारायचा. आणि तो भर ओसरीत, मोठ्यानं विचारायचा.