गोंद लावलेला तराजू

मी एक जुना तराजू आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेलो आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळे पुसतात, असे तुम्ही वाचले असेल. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

भाजीवाल्याच्या हातातला तराजू तो मी नव्हे. मी काचेच्या पेटीत राहणारा, मिलिग्रॅम ओळखणारा, प्रयोगशाळेतला तराजू. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने माझी पितळी दांडी अकीक नावाच्या कठीण दगडाच्या धारेवर अशी अलगद ठेवली की शेजारी कोणी शिंकले तरी मला कळे. माझी वजने मखमलीच्या खाचांत बसलेली असत. त्यांना चिमट्यानेच उचलायचे, बोट लावायचे नाही. बोटाचा घाम, तेल वजनाला चिकटते आणि वजन खोटे होते. आमच्या घरचा हा पहिला नियम होता.

माझी उमेदीची वर्षे एका कॉलेजात गेली. तिथले रसायनशास्त्राचे सर रोज सकाळी पेटीचे दार वर करून माझ्या एका पारड्यावर हलकी फुंकर घालत. काटा डोलला की म्हणत, "आहे बुवा जिवंत." मगच काम सुरू व्हायचे. त्या फुंकरीएवढा मान मला पुढे कोणी दिला नाही.

वर्षातून एकदा साहित्याच्या बाई आपला वर्ग घेऊन आमच्याकडे येत. एरवी सर आणि बाई यांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य, पण या तासाला दोघे शेजारी उभे राहत. मुले त्याला 'किमतीचा तास' म्हणत. आधी एक कोरा कागद माझ्यावर तोलायचा. मग कोणीतरी त्यावर मनातले एक वाक्य शाईने लिहायचे, आणि वाळल्यावर तो पुन्हा तोलायचा. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका अबोल मुलीने लिहिले, 'आजी, तू विणलेला स्वेटर आता मला होत नाही, तरी तो मी कुणाला दिलेला नाही.' मी प्रामाणिकपणे सांगितले, शाई एक मिलिग्रॅम.

"झालं? एवढीच या वाक्याची किंमत?" बाईंनी विचारले.

पोरे हसली. ती मुलगी हसली नाही.

सर म्हणाले, "मोजता येतं तेवढं मी सांगितलं. बाकीचं मोजता आलं नाही म्हणून ते नाहीच, असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही."

"पुरावा आम्हालाही लागतो हं," बाई मुलांकडे वळल्या. "नुसतं 'छान आहे' म्हणून भागत नाही. कुठं छान आहे ते बोट ठेवून दाखवा."

मग एक मुलगा पुढे आला आणि त्याने 'तरी' या शब्दावर बोट ठेवले.

"आता नीट ऐका," सर म्हणाले. "शाई तोलायची, स्वेटर तोलायचा की आणखी काही, हे तराजू ठरवत नाही. ते आपण ठरवतो. तिथं चुकलं तर यंत्र कितीही अचूक असू दे, उत्तर चुकणारच."

मित्रांनो, मी आयुष्यभर क्षार तोलले, राख तोलली, पण मी कशासाठी आहे ते मला त्या तासाला कळले.

मग नवे संचालक आले. त्यांनी येताना एक तक्ता आणला. कोणता विषय ठेवायचा आणि कोणता बंद करायचा, हे तो ठरवणार होता. तक्त्यात रकाने दोनच, किती मुलांना नोकरी लागली आणि किती यंत्रे वापरली. दुसऱ्या रकान्यात साहित्याला शून्य मिळणार, हे तक्ता आखणाऱ्यालाही ठाऊक असणार. वर ते म्हणाले, "सगळे विषय एकाच तराजूत तोलणार." माझे नाव घेऊन म्हणाले! मासा झाडावर चढतो का ते बघायचे आणि चढला नाही की त्याला नापास करायचे, याला कोणता तराजू तोलणे म्हणेल?

बाईंनी त्यांना आमचा तास बघायला बोलावले. संचालक चहा आणि काहीतरी तळलेले खाऊन थेट प्रयोगशाळेत आले. फोटो काढायचा म्हणून त्यांनी माझे एक वजन चक्क दोन बोटांत उचलले.

"साहेब, वजन हातानं उचललंत," सर म्हणाले.

"मग? एवढ्याशानं काय होतंय?"

सरांनी ते वजन चिमट्याने एका पारड्यात ठेवले आणि दुसऱ्यात त्याच्या जोडीचे. एरवी मी मध्यावर थांबतो. त्या दिवशी काटा सरळ सरळ एका बाजूला गेला. सर म्हणाले, "शाईपेक्षा तुमच्या बोटाचं तेल जड भरलं बघा."

"सर, तुम्हीपण कविता करायला लागलात की," संचालक हसून म्हणाले आणि फोटोसाठी नीट उभे राहिले.

साहित्य विषय बंद झाला. सरांनी विरोधाचे लांबलचक पत्र लिहिले, ते फायलीत गेले. अहवालाच्या मुखपृष्ठावर माझा फोटो छापला, पारडी रिकामी, काटा अगदी मध्यावर. साक्षीदार म्हणून मला उभे केले आणि मला काही विचारलेच नाही. याचा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

त्यानंतर मला कॉलेजच्या दारात, शोभेच्या कपाटात ठेवले. नोकरीच्या शेवटच्या दिवशी बाई पुस्तकांच्या दोन पिशव्या घेऊन तिथून निघाल्या. प्रयोगशाळेतले शिपाईमामा कपाट उघडून माझी धूळ पुसत होते. बाईंनी पिशव्या खाली ठेवल्या, वाकून माझ्या पारड्यावर फुंकर घातली. काटा हलला नाही.

"मामा, याला काय झालं?"

"काय सांगू, बाई. दार उघडलं की काटा डोलायचा. साहेब म्हणाले, पाहुण्यांसमोर वाकडं दिसतं. मग त्यांनी मला दांडीला गोंद लावायला लावला." मामा माझ्याकडे बघत नव्हते. "मला तेव्हाच नाही म्हणायला पाहिजे होतं."

बाईंनी पिशव्या उचलल्या आणि त्या गेल्या.

आता पाहुणे येतात आणि म्हणतात, "वा, किती छान समतोल!" माझ्या एका पारड्यात डोंगर ठेवा आणि दुसऱ्यात काहीच ठेवू नका, मी दोन्ही सारखेच म्हणेन. मित्रांनो, मला तेल नको, पॉलिश नको, हार तर मुळीच नको. फक्त तो गोंद खरवडून काढा. आणि उद्या कोणी सरळ उभा काटा दाखवून तुम्हाला तुमची किंमत सांगू लागला, तर मान डोलावण्याआधी त्याच्या पारड्यावर एक फुंकर घालून बघा.