पत्र्याच्या खलनायकाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना यंत्रमानव आहे. पण यंत्र म्हणाल तर माझ्यात औषधालाही नाही. बाहेर पत्रा, आत पोकळी. छातीवरची बटणं म्हणजे बाटल्यांची झाकणं आणि डोळे म्हणजे मोटारसायकलचे मागचे दोन लाल दिवे.

मला एका मिस्त्रीने घडवलं. नळाचे पाइप बसवणं आणि पत्रे ठोकणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. एके दिवशी जवळच्या स्टुडिओतून निरोप आला, "जग जिंकायला निघालेला राक्षस पाहिजे, पंधरा दिवसांत!" मिस्त्री हसला आणि कामाला लागला. त्याची सहा वर्षांची लेक बिट्टी शाळेतून आली की माझ्या अर्धवट धडाला टेकून गृहपाठ करायची. पण डोकं बसलं, दिवे लागले आणि ती किंचाळत पळाली. बापाने तिला कडेवर घेऊन माझ्या पाठीचं दार उघडून दाखवलं.

"बघ गं, आत काही आहे का? माणूस आत शिरला तरच हा चालतो."

पाच सिनेमांत मी शहरं जाळली. शहरं पुठ्ठ्याची होती. प्रत्येक वेळी शेवटी नायक माझ्या मानेतली एक वायर उपटायचा, मी धाडकन पडायचो आणि लोक शिट्ट्या वाजवायचे. लहान मुलं मला पाहून आईच्या पदराआड दडायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग माझी फॅशन गेली. गोदामात माझ्या डाव्या पायात उंदरांनी संसार थाटला. स्टुडिओ बंद पडला तेव्हा एका काचेच्या इमारतीतल्या कंपनीने मला नेलं आणि खालच्या दालनात, कॉफीच्या मशिनशेजारी उभं केलं. आकाशातून घेतलेल्या चित्रांत शत्रू कोण हे ओळखणारा प्रोग्राम तिथे लिहीत. आणि तो तपासायला कोण होती? आमची बिट्टी! आता चांगली चौतिशीची. मला पाहताच तिने तिथूनच फोन लावला.

"बाबा, तुमचा राक्षस आमच्या ऑफिसात आलाय!"

तेव्हापासून म्हातारा मिस्त्री महिन्यातून एकदा तेलाची बुधली घेऊन यायचा, माझे सांधे पुसायचा आणि लेकीबरोबर कॉफी पिऊन जायचा. ते माझे सुखाचे दिवस.

एका दुपारी बिट्टी आणि तिचे वरिष्ठ कॉफी घ्यायला आले. त्यांना सगळे सर म्हणत.

"सर, खांद्यावर लांबडं काही दिसलं की प्रोग्राम त्याला हत्यार म्हणतो. मी शिडी दाखवली, बांबू दाखवले. दहातून दोनदा चुकला."

"म्हणजे आठदा बरोबर. आणि बॉम्ब टाकायचं शेवटचं बटण माणूसच दाबतो ना?"

"त्या माणसाला वेळ किती मिळतो?"

"वीस सेकंद."

"एवढ्यात तो काय डोंबल बघणार?"

सर हसले. माझ्या खांद्यावर टणटण वाजवत म्हणाले, "तुम्ही सिनेमे फार बघता. हा काही उठून जग जाळणार नाही. उद्या प्रोग्राम पास केल्याची सही हवी मला. मागे किती लोक खोळंबलेत, माहीत आहे ना?"

तिची कॉफी गार होऊन गेली. दुसऱ्या दिवशी समोरच्या काउंटरवर फाईल ठेवून तिने सही केली. पेन क्षणभर अडखळलं, एवढंच.

तीन महिन्यांनी दालनातल्या टीव्हीवर बातमी आली. लढाईच्या मुलखात बारा माणसं फुटलेली पाण्याची लाइन दुरुस्त करायला चालली होती. वरून बॉम्ब पडला. एकही वाचला नाही. मरणाआधीचं, आकाशातून घेतलेलं त्यांचं चित्र पुन्हा पुन्हा दाखवत होते. मिस्त्री नेमका माझ्या कोपराला तेल घालत होता. तो टीव्हीजवळ गेला.

"अगं, हे नळवाले! दोघांच्या खांद्यावर एक पाइप. आम्ही असाच न्यायचो. शेंबडं पोरसुद्धा ओळखेल!"

बिट्टी भिंतीला टेकली होती. "आमच्या प्रोग्रामने नाही ओळखलं, बाबा."

"तू सांगितलं नव्हतंस त्यांना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मग सही केली."

मिस्त्रीने बुधलीला बूच लावलं. लेकीकडे न बघता तो दाराबाहेर पडला. पुन्हा कधी आला नाही.

बिट्टीने नोकरी सोडली. चौकशी समितीपुढे जाऊन तिने सगळं सांगितलं, स्वतःच्या सहीसकट. अहवाल आला: प्रोग्राम नियमाप्रमाणेच चालला, बटण दाबणाऱ्याने घाई केली. तो बटण दाबणारा बावीस वर्षांचा होता. सगळं त्याच्या गळ्यात पडलं. बिट्टीच्या खुर्चीवर आठ दिवसांत दुसरं कुणी येऊन बसलं.

मग फाटकासमोर मोर्चा आला. शेकडो माणसं, मनापासून चिडलेली. आणि त्यांच्या हातातल्या फलकांवर कुणाचं चित्र होतं, सांगू? माझं! तेच लाल डोळे, तोच पत्र्याचा जबडा. सर काचेतून बघत होते. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. शेजारच्याला म्हणाले, "चला, निदान आपलं तोंड कुणाला ठाऊक नाही."

दुसऱ्या दिवशी मला भंगारवाल्याच्या टेम्पोत घातलं. कंपनीची प्रतिमा बिघडते म्हणे माझ्यामुळे! त्या बारा जणांपायी त्या इमारतीतून दोघंच बाहेर पडली, बिट्टी आणि मी. प्रोग्राम तिथेच आहे. त्याला नवं नाव दिलंय.

मित्रांनो, निबंधात आपली कैफियत सांगणारे माझ्या जातीचे सगळे शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी नाही म्हणत. मी पत्रा आहे. वितळेन, बादली होईन, कुणाच्या तरी उपयोगी पडेन. माझं मागणं निराळं आहे. तुम्ही हुशार मुलं आहात, म्हणूनच एक दिवस तुमच्यापैकी कुणाच्या तरी पुढ्यात तसाच कागद येईल. समोर लाल डोळ्यांचा राक्षस नसेल. चांगला इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस असेल. हसून म्हणेल, शेवटचं बटण काही तुम्ही दाबत नाही.

तेव्हा पेन खाली ठेवा.