कपाटाच्या फळ्या

सुताराने फळीवर रंधा ओढला, ढलपी बोटांत चुरडून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. लाकूड अजून ओलंच होतं.

"देवाची वेळ अचूक असते, मिस्त्री," स्टुलावर बसलेले चर्चचे पाळक म्हणाले. "तुमच्या बायकोसाठी, आपल्या या बहिणीसाठी अख्खी मंडळी प्रार्थना करते, आणि तुमच्या तोंडून साधं आमेन निघत नाही."

"मी आमेन म्हटलं की ऑर्डर येते, साहेब."

सुतार शवपेट्या करायचा. देवाची वेळ आली की लोक पाळकांच्याही आधी त्याचं दार ठोठावायचे, त्यामुळे या विषयातला त्याचा अनुभव दांडगा होता. बायकोची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. सुताराचं स्वतःचं मूत्रपिंड तिला जुळलं नव्हतं. कुणी गेलं आणि त्याचं मिळालं, तरच ती वाचणार होती. मंडळीच्या प्रार्थनेत या 'कुणी'ला चेहरा नसायचा. सुताराला मात्र त्याचं माप घ्यावं लागलं असतं.

माळ्यावर सागाच्या चांगल्या फळ्या वाळत पडल्या होत्या. डॉक्टरांनी पहिल्यांदा नकारार्थी मान हलवली, त्याच आठवड्यात त्याने त्या आणून कापून ठेवल्या होत्या. बायकोला सांगितलं, कपाटासाठी.

"अहो, कपाट नेमकं माझ्याएवढंच कसं?" तिने एकदा विचारलं होतं. "आत उभी करून ठेवणार का मला?"

तो इतका वेळ खोकत राहिला की शेवटी तिनेच पाणी आणून दिलं.

पाळक उठायच्या बेतात होते, तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

"पेटी हवी होती. मुलासाठी."

"केवढा?"

"खांद्याला लागतो माझ्या." लागतो, असंच म्हणाला तो. "सायकलवरून पडला. डॉक्टर म्हणतात, मेंदू गेला. त्याची आई म्हणाली, बाकीचं तरी कुणाच्या कामी येऊ दे. उद्या सकाळी देतील ताब्यात."

सुताराने खिशातून टेप काढला आणि नुसताच हातात धरला. आत फोन वाजत होता.

थोड्या वेळाने भिंतीला धरत बायको बाहेर आली.

"मिळालं म्हणतात. लगेच बोलावलंय."

"पाहिलंत, मिस्त्री! देवाची वेळ..." पाळकांनी दोन्ही हात वर केले, आणि दारातल्या माणसाकडे लक्ष जाताच एकेक करून खाली घेतले.

बायकोने त्या माणसाकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या हातातल्या टेपकडे.

"मला पाळकसाहेब सोडतील गाडीतून. तुम्ही काम आटपून या."

"एकटी जाणार?"

"माळ्यावरच्या फळ्या घ्या. ओल्या लाकडात ठेवू नका लेकराला."

"आणि कपाट?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"थांबेल ते," ती म्हणाली. "मी नाही का थांबले?"

दारातल्या माणसाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग अंग चोरून तो बाजूला झाला आणि त्याने तिला वाट दिली.

गाडी गेली. सुताराने माळ्याला शिडी लावली. पहिली फळी ओढली तशी ती जड लागली. मग एकाएकी हलकी झाली. त्याने खाली पाहिलं. दुसरं टोक त्या माणसाने धरलं होतं.