पहिल्या तासाचं तेल

बायको क्युक-मोई वारली, त्याला सात महिने झाले होते. यिन-लुंगने तिच्यामागे पहिल्यांदाच सुगंधी गवताचं तेल काढायची भट्टी लावली, म्हणून ते गवत कापायला मुलगी सू-हुई तायचुंगहून आली होती.

"हात चालव जरा! विळा कसा धरायचा तेही विसरलीस शहरात जाऊन."

"आणि तुम्ही, आबा? काल वाढलात तो भात होता की कागद चिकटवायची खळ?"

यिन-लुंग हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. एवढ्या उकाड्यात पोरीने पूर्ण बाह्या का घातल्यात, हे त्याच्या मनात आलं होतं. गवताची पाती कापतात म्हणून असेल, असं तो धरून चालला. पण दुपारी नळावर तिने बाह्या वर सारल्या, तेव्हा त्याला दिसलं. दोन्ही कोपरांवर लाल चट्टे, वर पांढऱ्या खपल्या. आईचा सोरायसिस लेकीला आला होता.

तो आत जाऊन बाटली घेऊन आला. पहिल्या तासाला भट्टीतून उतरतं ते तेल सगळ्यात जहाल. त्यांच्या डोंगरातले भट्टीवाले ते विकत नाहीत, घरच्या माणसांसाठी ठेवतात. सतरा वर्षं रोज संध्याकाळी यिन-लुंगने तेच तेल, काही न मिसळता, बायकोच्या पाठीला चोळलं होतं.

"बस इथे. पाठीवरही आलंय का?"

बाटली बघून सू-हुई मागे सरली. "नको, आबा."

"नको काय? तुझ्या आईला यानेच बरं वाटायचं."

"कोण म्हणालं?"

"तीच म्हणायची. पाठ कशी लालबुंद व्हायची! सगळी उष्णता बाहेर पडायची."

हे तो लहानपणापासून बघत आला होता. ताप आला की त्याची आई चिनी मातीच्या चमच्याने पाठ खरवडायची. जेवढी लाली उठेल, तेवढं दुखणं बाहेर आलं म्हणायची.

सू-हुईने नळ बंद केला.

"उष्णता नव्हती ती. कातडी पोळायची. तुम्ही भट्टीकडे गेलात की आई न्हाणीत ओणवी बसायची, मी वरून गार पाणी ओतायचे. टॉवेल दातांत धरायची."

यिन-लुंग पायरीवर बसला.

"मला का नाही बोलली?"

"मी किती वेळा म्हटलं, सांग त्यांना. तर म्हणायची, तुझा बाप दिवसभर भट्टीशी बोलतो. तेल लावताना तेवढा माझ्याशी बोलतो. तेही बंद पडायचं."

खरं होतं ते. त्या अर्ध्या तासात तो काय काय सांगायचा. शेजाऱ्याच्या कोंबड्या, भट्टीचं गळकं झाकण, लहानपणी ओढ्यात पकडलेले खेकडे. ती नुसतं "हं" म्हणायची. दमली असेल, असं त्याला वाटायचं.

त्याने विचारलं, "तुला डॉक्टर काय म्हणाले?"

"मलम दिलंय. वरून चहाच्या बियांचं साधं तेल चालेल म्हणाले, कातडी मऊ राहायला. भट्टीचं तेल लावायचंच झालं तर चमचाभर साध्या तेलात एखादा थेंब. फुटलेल्या कातडीला तर अजिबात नाही."

तो उठला. हातातली बाटली आत ठेवून आला आणि वाटीत बियांचं साधं तेल घेऊन आला. दुसरं काही घातलं नाही. सू-हुईने वाटीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाठ करून खालच्या पायरीवर बसली आणि कॉलर खाली ओढली.

"मानेच्या खाली माझा हात पोचत नाही."

यिन-लुंगने बोटं तेलात बुडवली.

"दुखलं तर सांगशील ना?"

"सांगेन, आबा."

किती सहज म्हणाली. तिची आईही अशीच सहज म्हणाली असती, आणि सांगितलं नसतं. तेल त्याच्या बोटांवरून मनगटाकडे ओघळत राहिलं, पण हात पुढे न्यायचा त्याला धीर झाला नाही.